मूर्तिजापूरची मावशी

मूर्तिजापूरची मावशी मूर्तिजापूरची नव्हतीच. ती अकोल्याची. डाबकी रोडला घराच्या पुढच्या खोलीत तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं आणि नाव सुभद्रा म्हैसने. पण माझी आत्या दर रविवारी पहाटे अमरावतीहून सायकल काढायची, "मूर्तिजापूरले जाऊन येतो, सुभद्रा वाट पाहून राह्यली असन," एवढं बोलायची आणि जायची. म्हणून मी आपली तिला मूर्तिजापूरची करून टाकली. तिला हे कळलं तेव्हा ती खूप हसली. म्हणाली, "बरोबरच हाये पोरी. सासरची मी अकोल्याची, माहेरची बार्शीटाकळीची, आन् माह्या स्वतःची मूर्तिजापूरची."

आत्या म्हणजे ज्योत्स्ना तायडे. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त. नवरा गेलेला, मुलगा सुगत नोकरीनिमित्त जर्मनीत, आणि घरात मी तिची भाची. या दोघींची गाठ पडली ती बायकांच्या एका सायकल फेरीत. चकाचक हेल्मेटवाल्या बायका पुढे निघून गेल्या. मागे या दोघी उरल्या.

"तुमी काहून आल्या?" आत्यानं विचारलं.

"डाक्टरनं चालाले सांगतलं. शुगर हाये मले. पण पायी चालाची लाज वाटते."

"लाज कायची त्यात?"

"अवं बाई, पन्नाशीची बाई रिकामी रस्त्यानं चालली का लोक पाहातेत. कुठी चालली, कायले चालली. सायकल असली आन् हँडलले पिशवी असली का कोनी नाई विचारत. कामाले चालली असन म्हणतेत."

ती पिशवी तिनंच शिवली होती, ब्लाउजच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची. जांभळा, पोपटी, मोरपंखी, मधेच एखादा जरीचा. आत्यानं हात घालून पाहिला. पिशवी रिकामी.

"हिच्यात त काईच नाई."

"मले कुठी काई लागते? लोकाइसाठी हाये ते."

तिथून हे रविवार सुरू झाले. आत्या अमरावतीहून निघायची, मावशी अकोल्याहून, आणि मूर्तिजापूरला हायवेच्या कडेला रामरावच्या टपरीवर दोघी भेटायच्या. चहा, आलुबोंडा, आठवड्याचं बोलणं. मग आत्या इकडे, मावशी तिकडे. रामराव त्यांना रेल्वेच्या गाड्याच म्हणायचा. आत्या टेकली की ओरडायचा, "अमरावतीची आली! अकोल्याची आली का होते क्रॉसिंग!"

मी एकदा स्कूटीवर गेले होते त्यांच्या मागे. मावशी पोचली ती घामानं चिंब, खाली उतरायच्या आधीच भांडण सुरू.

"सिस्टर, तू आज पहिले कशी पोचली? ट्रकले धरून आली का?"

"तूच म्हातारी होऊन राह्यली."

"मी म्हातारी? बोरगावच्या पुढं सारा वारा माह्या तोंडावर होता. तुह्या पाठीवर होता तोच वारा. फुकटची पोचली तू."

"मंग वाऱ्याले विचार ना, मले काय विचारते?"

रामराव म्हणाला, "बाई, जाताना तोच वारा तुमच्या पाठीवर राहीन."

"तवा मी कोनाले सांगू?" मावशी म्हणाली. "जाताना त मी एकटीच रायतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं या दोघी सायकल चालवतायत, पण त्या पहिल्या फेरीनंतर एका दिशेनं कधीच नाही. एकीला पाठीवर वारा तर दुसरीला तोंडावर. आणि हायवेवर शेजारी शेजारी चालवायची सोयच नाही, मागून ट्रक अंगावर येतात. बोलायचं ते फक्त टपरीवर.

युरोपचं खूळ सुगतनं काढलं. व्हिडिओ कॉलवर आईला म्हणाला, "इथं राईन नदीच्या काठानं सायकलसाठी वेगळा रस्ता आहे. हॉलंडला समुद्रापाशी सुरू होतो आणि पार डोंगरापर्यंत जातो. ट्रक नाहीत, हॉर्न नाहीत. तू आणि मावशी या ना दोघी. सायकली मी बघतो."

पुढच्या रविवारी आत्यानं टपरीवरून त्याला फोन लावला आणि मावशीच्या हातात दिला.

"सुगत बापू, एकच सांग. तथी दोघीजनी बाजूबाजूनं चालवू शकतेत का?"

"आरामात, मावशी."

"बोलत बोलत?"

"दिवसभर बोला."

मावशीनं फोन परत दिला. "सिस्टर, पासपोर्ट कुठी काढतेत वं?"

तिच्या मुलाला, पियुषला, हे पटलं नाही. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पोरगा वाईट नाही, घाबरट आहे. "आई, गांधी रोडवर माह्या गाडीवर मांगं बसली तरी तू डोये मिटतं. आन् युरोपात सायकल चालवशीन?"

"गांधी रोडवर गाडी तू चालवतं ना, म्हून मिटतो."

सून करिश्मा खो खो हसली आणि पासपोर्टचं सगळं तिनंच ऑनलाइन करून दिलं. व्हिसासाठी दोघी मुंबईला जाऊन आल्या. मावशीनं दोघींसाठी कुरते शिवले, पुढे दोन खिसे, आत एक चोरखिसा, बाहीवर एक. "बायकाइले दुनिया खिसा नाई देत. मी देतो." नागपूरहून विमान. मावशीनं आदल्या दिवशी अकोल्याहून निघायचं, रात्री आमच्याकडे राहायचं, पहाटे नागपूर. सगळं जमलं. आणि मग तिनं कॅलेंडर पाहिलं.

"सिस्टर, मी घरून निंघतो त्या दिशी अवस हाये."

"मंग?"

"अवसेले घर नाई सोडत आमी."

"विमानाले सांगू का मंग, का बापा, अवस टाळून ये? आमच्या आज्यानं छप्पन सालीच सोडले हे मुहूर्त. त्यायचं काई अडलं नाई."

"तुमचं नाई अडत. माहं अडते." मावशी चिडली नाही. तिच्याकडे उपाय तयार होता. "मी परस्थान ठेवतो तुह्या घरी."

ही जुनी रीत मला माहीत नव्हती, आत्यालाही नाही. मावशीनं चहाचे दोन पेले बाकावर मांडून समजावून सांगितली. "हे माहं घर. हे तुहं. चांगला दिवस पाहून आपलं सामान घरातून काढाचं, वाटेवरच्या कोनाच्या घरी नेऊन ठेवाचं. संगं सुपारी-हळकुंड. झालं, मी निंघाली. मंग मी अवसेले निंघो नाई त गिरहनात निंघो, मी त पहिलेच निंघालेली हाये. पण एक हाये. ते सामान पुन्हा माह्या घरात नाई आलं पाह्यजे. आलं का प्रवास मोडला."

"आन् माह्या बुद्धाच्या घरात तुही सुपारी चालीन?"

"त्याले इचार. तो नाई म्हणणार नाई."

पुढच्या रविवारी मावशी मूर्तिजापूरला आली ती पिशवी भरून. पहिल्यांदाच त्या पिशवीत काहीतरी होतं. खिशांचा कुरता, एक लुगडं, औषधाची डबी, आणि फडक्यात बांधलेली सुपारी, हळकुंड. तिनं ती आपल्या हँडलवरची काढली आणि आत्याच्या हँडलला लावली. जराशी थबकून नमस्कार केला.

"जय भीम, सिस्टर. निंघाली बरं मी."

"जय भीम. ये मांगून तुह्या अवसेले."

मावशी रिकाम्या हँडलनं अकोल्याला परतली. संध्याकाळी तिनं फोनवर सांगितलं की वाटेत बोरगावला एकानं विचारलंच, कुठी चालल्या बाई? "मी म्हटलं, युरोपले. सायकलवरून पडता पडता वाचला तो."

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, मावशीला लकवा मारला. मशीनवर बसलेली होती. कोणाच्या तरी लग्नाचं ब्लाउज. उजवा हात मशीनच्या चाकावर होता, तो तिथून हललाच नाही, असं करिश्मा म्हणाली.

आम्ही दोघी रेल्वेनं अकोल्याला गेलो. दवाखान्यात मावशी पलंगावर होती, तोंड एका बाजूला ओढलेलं. आत्याला पाहून तिनं ओठ हलवले. आम्हाला कळेना. पियुषनं कान जवळ नेला आणि गोंधळून आमच्याकडे पाहिलं. "पिशवी म्हणते."

"हाये," आत्या वाकून म्हणाली. "माह्या घरी हाये. जशीच्या तशी."

"घरी... आणू नोको."

"नाई आणत. तू निंघालेली हायेस. चूप पड."

परतताना आत्या खिडकीशी बसली. तिनं मावशीचा हात हातात घेऊन बोटं एकेक करून दाबून पाहिली होती, ते मी पाहिलं होतं.

"तू नर्स आहेस. खरं सांग मला."

"चालीन ती. काठी घेऊन चालीन. बोलणं येईन बरंचसं."

"आणि सायकल?"

आत्यानं काचेला कपाळ टेकवलं आणि म्हणाली, "मूर्तिजापूर गेलं का?"

तिकिटं रद्द केली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मावशीचं बोलणं आलं, जड पण कळण्यासारखं. पाय उचलू लागला. हात आला नाही. आणि मग त्या दोघींनी फोनवर एकमेकींशी जे खोटं बोलायला सुरुवात केली ते मी रोज ऐकायचे.

"पुढच्या उन्हाळ्यात जाऊ."

"हो. तवरिक हात येते माहा. काल बोट हाललं."

"हाललं ना? मी म्हटलंच होतं."

फोन ठेवला की आत्या नुसती बसून राहायची. नर्सला कोण फसवणार? आणि सारा जन्म दुसऱ्यांच्या मापाचं शिवलेल्या बाईला आपल्या हाताचं माप कळत नव्हतं असं थोडीच आहे?

रविवारी आत्या मूर्तिजापूरला जातच राहिली. पहिल्या काही रविवारी रामराव हळूच विचारायचा, "अकोल्याची गाडी लेट हाये वाटते?"

"हो. लेट हाये."

मग त्यानं विचारणं सोडून दिलं. मला वाटतं, त्याला कुठून तरी कळलं असावं.

पिशवी आत्याच्या खोलीत कपाटाशेजारी होती. मुहूर्ताला हसणारी माझी आत्या ती मला उचलू द्यायची नाही. फरशी पुसायची तर स्वतः उचलून पलंगावर ठेवायची, फरशी वाळली की परत जागेवर. व्हिसा संपला. सुगत सारखा म्हणायचा, "आई, तू तरी ये. तुझा गुडघा अजून चालतोय तोवर ये. मावशीला आपण नंतर नुसती फिरायला आणू."

"तिचं सामान निंघालेलं हाये," आत्या म्हणायची. "तिले सोडून मी कशी निंघू?"

"पण आई, तू हे मानत नाहीस."

"मी नाई मानत. ती मानते ना."

सुगतनं शेवटी मावशीलाच फोन करून हे सांगितलं. काय बोलले ते मला माहीत नाही. पण त्याच संध्याकाळी मावशीचा फोन आला. मी शेजारीच होते, स्पीकर चालू होता.

"सिस्टर, माही पिशवी आणून दे."

"कोणती पिशवी?"

"किती पिशव्या हायेत माह्या तुह्यापाशी?"

"काहून पाह्यजे? काई औषध राह्यलं का तिच्यात? मी दुसरं घेऊन देतो."

"औषध नाई. पिशवी पाह्यजे."

"घरात आणली का प्रवास मोडते म्हणे तुमच्यात."

"मोडते."

"मंग?"

"मंग काय? आणून दे."

आत्यानं फोन कापला. तिला इतकी रागावलेली मी कधी पाहिली नव्हती. भांडी आपटली, माझ्यावर ओरडली, सुगतवर ओरडली. मग एक रविवार गुडघा दुखला. एक रविवार पिशवी विसरली. एक रविवार पाहुणे येणार होते, ते आले नाहीत. अखेर पियुषचा फोन आला. "आत्या, आई ऐकून नाई राह्यली. म्हणते, या रविवारी मीच येतो मूर्तिजापूरले. पिशवी घेऊन या म्हणा."

त्या रविवारी आत्या मला म्हणाली, "तू चाल माह्यासंगं." ती सायकलवर, मी मागे स्कूटीवर. पिशवी तिच्या हँडलला. सगळा रस्ता ती हळू चालवत होती.

आम्ही पोचलो तर पियुषची कार आधीच उभी. मावशी बाकावर बसलेली, काठी शेजारी, डाव्या हातात बशी. रामराव काही ओरडला नाही. दुधाचं पातेलं ढवळत पाठमोरा उभा राहिला.

"तू आज मांगून पोचली, सिस्टर."

"वारा होता."

"कुठी हाये वारा? पान हालून नाई राह्यलं."

आत्या बाकावर बसली. पिशवी मांडीवर घट्ट.

"दे."

"सुभद्रा, मी थांबतो ना. मले काई घाई नाई."

"मले हाये." मावशीचे शब्द सावकाश येत होते, प्रत्येक शब्द जणू सुईत दोरा ओवून. "मी रोज सकाळी उठतो ना, पहिले मनात येते, आपण निंघालेली हावो. सिस्टरच्या घरापर्यंत पोचलेली हावो. बरं वाटते. मंग हात उचलाले जातो. तो उचलत नाई. रोज, सिस्टर. रोज निंघतो अन् रोज पडतो. थकली मी आता."

आत्या जमिनीकडे पाहत होती.

"आन् तू माह्या पिशवीले धरून बसली. तुह्यात हे असते का? नसते. मंग काहून बसली? माह्या नावानं दोघी अडकल्या. दे इकडं."

आत्यानं पिशवी दिली. मावशीनं ती मांडीवर घेतली, डाव्या हातानं फडक्याची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना. पियुष पुढे झाला तर तिनं मान हलवली. आत्यानंही हात पुढे केला, मग मागे घेतला. बऱ्याच वेळानं गाठ दातानं सुटली. हळकुंड तिनं कंबरेला खोचलं. सुपारी बाकाखाली टाकली.

"झालं. मोडलं."

हायवेवरून कापसाचा एक ट्रक गेला, टपरीची ताडपत्री फडफडली. पियुषनं तोंड फिरवून चष्मा पुसला.

मग मावशीनं कुरता, लुगडं, डबी काढून पियुषच्या हातात दिली. "हे घरी ने." पिशवी झटकली, उलटी केली, सुलटी केली, आणि आत्याच्या मांडीवर टाकली.

"हे काय?"

"तथी एकटी चालवशीन ना. हँडलले लावजो. रिकामी बाई चालली म्हणून कोनी पाहाले नोको."

"तिकडे कोणी नाई पाहात, सुभद्रा."

"मंग तुह्यासाठी लाव."

आत्यानं तिचा न हलणारा हात धरला आणि तिथंच, रामरावसमोर, पियुषसमोर, हायवेच्या कडेला, आवाज न दाबता रडली. मावशी रडली नाही. डाव्या हातानं तिची पाठ थोपटत राहिली. "बस वं. बस. लोक पाहून राह्यले." थोड्या वेळानं म्हणाली, "आलुबोंडा थंडा झाला."

नंतर पियुषची कार अकोल्याकडे वळली, आत्याची सायकल अमरावतीकडे. नेहमीसारखं.

जूनमध्ये आत्या युरोपला गेली. जायच्या आधी मला म्हणाली, "मी तथी सायकलवर निंघीन त्या दिशी तू अकोल्याले जाय. करिश्मा नोकरीवर रायते. फोन कोण धरीन तिच्यासमोर?"

म्हणून मी त्या दुपारी डाबकी रोडच्या पुढच्या खोलीत होते. मशीनवर चादर टाकलेली. मावशी खुर्चीत बसलेली, तिनं साडी बदलली होती. फोन वाजला. पडद्यावर आधी नुसतं राखाडी आभाळ, मग समुद्र, मग आत्या. डोक्यावर हेल्मेट, अंगात खिशांचा कुरता. हँडलला जांभळी-पोपटी पिशवी वाऱ्यानं फुगलेली.

"दिसतो का मी?"

"दिसते. जाडी दिसते."

"चार कपडे घातलेत वं. थंडी हाये."

"वारा कसा हाये?"

"तोंडावर हाये."

"असू दे. हळू चालव. पाणी पी. गुडघ्यावर जोर नोको देऊ."

"निंघू?"

"नीघ."

सुगतनं फोन हातात घेतला आणि मागून दाखवत राहिला. आत्या लहान लहान होत गेली. स्वच्छ, रुंद रस्ता, कडेला गवत, ट्रक नाही, गाडी नाही. ती रस्त्याच्या मधून चालवत नव्हती. एका कडेनं चालवत होती, दुसऱ्या बाजूला एका सायकलीएवढी जागा सोडून.

मावशी आत्याकडे पाहत नव्हती. त्या सोडलेल्या जागेकडे पाहत होती. फोन बंद झाला तरी पाहत होती.

"पोट्टा खरं बोलला," ती म्हणाली. "दोघी मावतेत तथी."

मी फोन खाली ठेवला. तिनं डाव्या हातानं मशीनवरची चादर सरळ केली, कुठेच सुरकुती नव्हती तरी.